गोंगाटात न चढणारी भूल

विहिरीत बिबट्या पडल्याची बातमी कोकणाला नवी नाही. कुत्र्यामागे धावताना बिनकठड्याची विहीर त्याला दिसत नाही. राजापूर, संगमेश्वर, कुडाळ, तालुका तेवढा बदलतो. आणि काठावर जमलेल्यांचा प्रश्न ठरलेला: "सरळ इंजेक्शन का मारत नाहीत? पिंजरा कशाला सोडत बसलेत?"

सिनेमात बार होतो आणि जनावर जागीच कोसळतं. प्रत्यक्षात मांडीच्या स्नायूत गेलेलं औषध नीट चढायला १० ते १५ मिनिटं लागतात. पोहणाऱ्या बिबट्याला भूल दिली तर तो बुडून मरेल. म्हणून पिंजरा.

डुकरांसाठी लावलेल्या फासकीत अडकलेल्या बिबट्याला मात्र भूल द्यावीच लागते. लांज्याकडे एका कलमांच्या बागेत मी ते जवळून पाहिलं. पहिली डार्ट, म्हणजे बंदुकीतून मारलेली भुलेची सुई, बसून वीस मिनिटं झाली तरी तो गुरगुरत उभाच. वरच्या गडग्यावर शंभरेक माणसं, शिट्ट्या, आरोळ्या. लोक म्हणाले, औषध बोगस. औषध चांगलंच होतं. त्याच्याविरुद्ध काम करत होता तो गोंगाट.

डार्टमध्ये बहुधा दोन औषधं एकत्र असतात, झायलाझिन आणि केटामाइन. झायलाझिन १९६२ साली जर्मनीत बायर कंपनीत तयार झालं, तेही माणसांचा रक्तदाब उतरवण्यासाठी. पण माणसं फार पेंगायला लागली, म्हणून ते जनावरांच्या डॉक्टरांकडे आलं.

ते काम कसं करतं, हे मला फार सुंदर वाटतं. मेंदूच्या बुडाशी लोकस सेरुलियस नावाचा पेशींचा इवलासा पुंजका असतो. जागं आणि सावध राहणं बरंचसं त्याच्यावर अवलंबून. या पेशी नॉरअ‍ॅड्रेनालिन हे सावध ठेवणारं रसायन सोडतात. सोडलेल्यातलं थोडं त्याच पेशीवरच्या अल्फा-२ ग्राहींवर, म्हणजे ते रसायन ओळखणाऱ्या जागांवर, परत येऊन बसतं आणि पेशीला कळतं, आता पुरे. घरावरच्या टाकीतला फ्लोट आठवा: पाणी चढलं की चेंडू उचलला जातो आणि नळ बंद होतो. झायलाझिन टाकी भरलेली नसतानाच तो चेंडू वर धरून ठेवतं. नळ बंद, जनावर पेंगतं.

आता घाबरलेला बिबट्या घ्या. त्याच्या मेंदूत नॉरअ‍ॅड्रेनालिन आणि रक्तात अ‍ॅड्रेनालिन आधीच उसळलेलं. वाहत्या टाकीचा नळ बंद केला म्हणून टाकी लगेच रिकामी होत नाही. मग दुसरी डार्ट मारावी लागते. तिने हृदयाचे ठोके आणखी मंदावतात, श्वास उथळ होतो, शरीराला आपलं तापमान सांभाळता येत नाही. एप्रिलच्या उन्हात हे जिवावर बेतू शकतं.

 

शेवटी लोकांना मागे हटवलं, बाग शांत झाली आणि बिबट्या खाली बसला. पण डोळे सताड उघडे. "जागा हाय तो!" कुणीतरी ओरडलं. ते केटामाइनमुळे. ते मेंदूतल्या एनएमडीए ग्राहींची वाट अडवतं. डोळा उघडा असतो, पण दिसलेल्याचा अर्थ मेंदूत जुळत नाही. पापणीही लवत नाही, म्हणून डॉक्टरांनी बुबुळ कोरडं पडू नये यासाठी मलम घातलं आणि वर ओला पंचा टाकला. तेवढ्यात एकाने ताईतासाठी मिशीचा केस मागितला. मिशी म्हणजे आपल्या नखात असतं तेच केराटिन. तिच्यात कसलीही शक्ती नाही, पण अंधारात वाट चाचपायला ती बिबट्यालाच लागते. शिवाय असा केस जवळ बाळगणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे.

फासकीची तार कापली, जखम धुतली, पिंजऱ्यात ठेवलं. झायलाझिनवर उतारा आहे, योहिम्बिन किंवा अ‍ॅटिपामेझोल. तो झायलाझिनला फ्लोटवरून हुसकावतो. केटामाइनवर मात्र उतारा नाही. ते ओसरायच्या आत उतारा टोचला तर अंगात एकटं केटामाइन उरतं, स्नायू ताठतात, झटकेही येऊ शकतात. म्हणून भरलेली सिरिंज हातात धरून डॉक्टर घड्याळ बघत होते. बऱ्याच वेळाने पंच्याखालून एक कान हलला.