सुजलेल्या दाढेला भूल का चढत नाही?

दाढ रात्रभर ठणकते, गाल टम्म फुगतो, लवंगेच्या तेलावर कशीबशी सकाळ होते. दवाखाना उघडायच्या आधीच माणूस पायरीवर हजर. आणि डॉक्टर तोंडात डोकावून म्हणतात, "आत पू झालाय. आज दाढ काढायला घेतली तर भूल नीट चढायची नाही." गिरगावापासून बोरिवलीपर्यंत हे ऐकून वैतागलेले पेशंट काही कमी नाहीत. ज्याला सगळ्यात जास्त दुखतंय त्याच्यावरच औषध चालत नाही, ही कसली तऱ्हा? डॉक्टर टाळतायत, असंही काहींना वाटतं. टाळत नसतात. अडचण त्या इंजेक्शनच्या रसायनातच आहे.

दाढेकडून मेंदूकडे जाणारा मज्जातंतू म्हणजे विजेची तार नव्हे. आग विझवायला रांगेत उभं राहून पाण्याच्या बादल्या हातोहात पुढे द्याव्यात, तसा त्यातला संदेश सरकत जातो. तंतूच्या पातळ पटलात सोडियम चॅनेल नावाची प्रथिनं असतात. संदेश आला की ती सेकंदाच्या हजाराव्या भागाइतकीच उघडतात, बाहेरचे सोडियम आयन (विद्युतभार असलेले कण) आत घुसतात, तेवढ्या भागातला विद्युतभार पालटतो आणि त्या धक्क्याने शेजारची चॅनेल उघडतात. दातांच्या इंजेक्शनमधलं भुलीचं औषध, लिग्नोकेन, या चॅनेलमध्ये जाऊन बसतं आणि सोडियमची वाट अडवतं. तंतूचा काही मिलिमीटरचा पट्टा असा बंद पडला, की संदेश तिथेच अडकतो. दाढेची तक्रार चालूच असते, मेंदूला तिचा पत्ता नसतो. इथे झोपही नाही आणि गुंगीही नाही.

खरी गंमत पुढे आहे. फुगा माशाचं प्रसिद्ध विष, टेट्रोडोटॉक्सिन, हेच चॅनेल बाहेरच्या बाजूने बंद करतं. लिग्नोकेनची बसायची जागा मात्र चॅनेलच्या आतल्या अंगाला आहे. म्हणजे आधी तंतूच्या आत शिरायला हवं. पटल असतं तेलकट. त्यातून विद्युतभार नसलेला रेणूच सहज पार होतो. आणि आत गेल्यावर चॅनेलला घट्ट धरून ठेवण्याचं काम मुख्यतः भारित रेणू करतो. शिरायला एक रूप, काम करायला दुसरं! लिग्नोकेन ही दोन्ही रूपं घेतं, आणि कुठल्या रूपात किती रेणू असतील हे आसपासच्या आम्लतेवर ठरतं.

निरोगी हिरडीत सामू (पीएच, आम्लतेचं माप; आकडा जितका कमी तितकी आम्लता जास्त) ७.४ च्या आसपास असतो. तिथे लिग्नोकेनच्या दर १०० रेणूंपैकी साधारण २४ भारविरहित असतात. ते आत शिरतात, त्यातले बरेचसे आत गेल्यावर भारित होऊन चॅनेलला चिकटतात, आणि दोन-तीन मिनिटांत ओठ जड वाटू लागतो. पू झालेल्या जागी आम्लता वाढलेली असते. तिथला सामू ६.४ पर्यंत घसरला, तर आत शिरू शकणारे रेणू १०० मध्ये जेमतेम ३ उरतात. बाकीचे ९७ दाराबाहेर ताटकळत. वर सुजेमुळे त्या भागात रक्ताचा ओघ वाढलेला, तो औषध वाहून नेतो. आणि सुजलेला तंतू आधीच चिडलेला असल्याने जरा निमित्त मिळालं की संदेश धाडतो.

यावर उपाय दोन. पू वाहून जाऊ द्यायचा, किंवा सुई सुजेपासून लांब, तंतू अजून निरोगी भागातून जात असेल तिथे द्यायची. खालच्या जबड्यात तशीही बहुतेकदा लांबच द्यावी लागते, कारण तिथलं हाड घट्ट असतं आणि हिरडीत दिलेलं औषध मोठ्या माणसात दाढेच्या मुळापर्यंत झिरपत नाही. वरच्या जबड्याचं हाड सच्छिद्र, तिथे दाताशेजारी दिलेली सुई पुरते. म्हणून वरची दाढ काढून आलेला माणूस बरा बोलतो आणि खालची काढून आलेल्याचा अर्धा ओठ, हनुवटी, जिभेची एक बाजू, सगळंच लुळं. या अवस्थेत लहान मुलांवर लक्ष ठेवावं लागतं. बधिर ओठ ती गंमत म्हणून चावत बसतात आणि संध्याकाळी ओठ सुजलेला दिसतो. मोठ्यांनीही दवाखान्याखालच्या टपरीवरचा कटिंग चहा भूल उतरेपर्यंत विसरावा.

नुसत्या गोळ्या घेऊन ठणका थांबला म्हणून पुन्हा दवाखान्याकडे न फिरकणारेही पुष्कळ आहेत. मुळाशी असलेली घाण गोळीने जात नाही, ती पुन्हा उलटते. लवंगेच्या तेलातलं युजेनॉलही याच सोडियम चॅनेलच्या कामात अडथळा आणतं, तेव्हा आजीचा उपाय अगदीच हवेतला नाही. फक्त शुद्ध तेलाने हिरडी भाजते, हे आजी सांगत नाही.

दाढ ओढताना दाब कळतो, कडकड ऐकू येते, आणि पेशंट घाबरून हात वर करतो: भूल उतरली की काय? वेदना वाहणारे तंतू बारीक असतात, ते लवकर बंद पडतात. दाब आणि स्पर्शाचे तंतू जाड, ते बराच वेळ चालू राहतात. सिझेरियनच्या वेळी बायका सांगतात ना, "पोटात कुणीतरी हात घालून काहीतरी शोधतंय असं वाटत होतं, पण दुखत नव्हतं", ते याच कारणाने.

या सगळ्याची सुरुवात कोकेनपासून झाली. १८८४ मध्ये व्हिएन्नातल्या कार्ल कोलर या तरुण डॉक्टरने कोकेनच्या थेंबांनी डोळा बधिर होतो हे दाखवलं. कोकेनचं व्यसन लागतं हे कळायला फार वेळ लागला नाही. १९०५ च्या सुमारास प्रोकेन नावाचं भुलीचं औषध आलं, आणि १९४३ मध्ये स्वीडनमध्ये निल्स लोफग्रेन यांनी लिग्नोकेन बनवलं. त्यांचे सहकारी बेंग्ट लुंडक्विस्ट यांनी ते स्वतःला टोचून पाहिलं. १९४८ मध्ये ते झायलोकेन नावाने बाजारात आलं आणि अजून हटलेलं नाही.

कोकेन रक्तवाहिन्या आकसवतं, त्यामुळे औषध जागेवर टिकतं. लिग्नोकेन उलट त्या किंचित पसरवतं. म्हणून दातांच्या इंजेक्शनमध्ये बरेचदा रक्तवाहिन्या आकसवणारं ॲड्रेनलिन चिमूटभर घालतात, ८० हजार किंवा २ लाख भागांत एक भाग. तेवढ्यानेही कुणाकुणाच्या छातीत धडधडतं, आणि मग घरी सांगितलं जातं, "मला भुलीची ॲलर्जी आहे." लिग्नोकेनची खरी ॲलर्जी फार विरळा. धडधड बहुतेकदा ॲड्रेनलिनची किंवा भीतीची असते. मात्र हृदयविकार असेल तर सुईच्या आधी सांगायलाच हवं.

सिझेरियनला कमरेत देतात ते बहुतेक वेळा ब्युपिव्हाकेन, लिग्नोकेनच्याच जातीचं औषध. त्यात ग्लुकोज मिसळून ते मणक्यातल्या पाण्यापेक्षा जड करतात. मग टेबल कलवलं की औषध उताराकडे सरकतं, आणि भूल किती वर चढवायची हे भूलतज्ज्ञाच्या हातात राहतं. मात्रा असते दोनेक मिलिलिटर. "कमरेत सुई दिली, तेव्हापासून कंबर गेली" हे वाक्य आपल्याकडे घराघरांत ऐकू येतं. सुईच्या जागी काही दिवस दुखू शकतं, पण वर्षानुवर्षांच्या कंबरदुखीचा दोष या सुईवर टाकायला आधार मिळालेला नाही. भूल न घेता बाळंत झालेल्या बायकांचीही कंबर दुखतेच. बाळाला सतत उचलणं आणि वाकून पाजणं यांकडे मात्र कुणी बोट दाखवत नाही.

सोडियम चॅनेल फक्त दाढेत नसतात, ती मेंदूत आणि हृदयातही आहेत. म्हणून हेच लिग्नोकेन हृदयाच्या काही बिघडलेल्या ठोक्यांवर शिरेतून देतात, आणि म्हणूनच ते चुकून जास्त प्रमाणात रक्तात गेलं तर घात होतो. आधी ओठांभोवती मुंग्या, तोंडात धातूची चव, कानात गुंई आवाज, मग झटके, शेवटी हृदय थांबू शकतं. तोंड बधिर नसताना अशा मुंग्या आल्या तर पेशंटने ताबडतोब बोलावं. यावरचा उतारा मोठा अजब आहे: सोयाबीन तेलाचं २० टक्के पांढरं द्रावण, जे एरवी तोंडाने खाऊ न शकणाऱ्यांना पोषण म्हणून शिरेतून देतात. ही औषधं तेलात विरघळणारी, त्यामुळे रक्तातले तेलाचे थेंब त्यांना ओढून घेतात आणि हृदय मोकळं व्हायला मदत होते. हात किंवा पाय अख्खा बधिर करण्याइतकी मोठी मात्रा जिथे देतात, तिथे ही बाटली हाताशी असायला हवी.