फाइल समोर आहे, तरी म्हणे 'फाइल सापडत नाही'

विंडोजवर नोटपॅडमध्ये लिहिलेली स्क्रिप्ट लिनक्स सर्व्हरवर चढवली, तिला चालवण्याची परवानगी दिली, एंटर दाबलं आणि उत्तर आलं: 'नो सच फाइल ऑर डिरेक्टरी'. फोल्डरमध्ये बघावं तर फाइल जागच्या जागी. तरीही संगणक खोटं बोलत नसतो. त्याला सापडत नाही ती स्क्रिप्ट नव्हे, ती चालवणारा इंटरप्रिटर.

स्क्रिप्ट म्हणजे नुसता मजकूर, प्रोसेसरला त्यातलं अक्षरही कळत नाही. तो मजकूर वाचून कामाला लावणारा दुसरा प्रोग्रॅम, म्हणजेच इंटरप्रिटर, लागतो: बॅश, पायथन, पर्ल, रुबी. कोणती फाइल कोणाकडे द्यायची हे लिनक्स आणि मॅक फाइलच्या पहिल्या ओळीवरून ठरवतात. सुरुवातीला '#!' ही दोन चिन्हं दिसली की कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, त्यांच्यापुढचा पत्ता उचलतो, तिथला प्रोग्रॅम सुरू करतो आणि त्याच्या हाती स्क्रिप्ट देतो. या चिन्हांना म्हणतात 'शेबँग'. बेल लॅब्जमध्ये डेनिस रिची यांनी ही सोय जानेवारी 1980च्या सुमारास युनिक्समध्ये घातली. बहुतेक स्क्रिप्ट भाषांत '#' पुढचा मजकूर शेरा म्हणून सोडून दिला जातो, त्यामुळे खुद्द इंटरप्रिटरला या ओळीचा त्रास होत नाही. छोटीशीच युक्ती, पण मोठी चतुर.

कर्नल हा पत्ता अक्षरशः वाचतो, आणि विंडोजवरच्या फाइलचा घोळ इथेच होतो. विंडोज प्रत्येक ओळीच्या शेवटी दोन अदृश्य खुणा ठेवतं, लिनक्स एकच. जास्तीची खूण इंटरप्रिटरच्या नावाला शेपटीसारखी चिकटते, आणि असल्या शेपटीच्या नावाचा प्रोग्रॅम कुठेच नसतो. 'डॉस-टू-युनिक्स' कमांड ही खूण काढून टाकते.

पत्ता शुद्ध असला तरी घर प्रत्येक गावात वेगळं. बॅश लिनक्सवर '/बिन' मध्ये असतो, तर फ्रीबीएसडीवर तो वेगळा बसवावा लागतो आणि '/यूएसआर/लोकल/बिन' मध्ये जातो. मॅकवर '/बिन' मध्ये बॅश आहे खरा, पण 3.2 या जुन्या आवृत्तीचा. पुढच्या आवृत्त्यांचा परवाना बदलल्यावर ॲपलने ती पुढे नेलीच नाही. बॅश 4मध्ये आलेले नावाने शोधता येणारे ॲरे वापरले, की लिनक्सवर सुरळीत चालणारी स्क्रिप्ट मॅकवर आपटते.

यापेक्षा फसवी गोष्ट 'एसएच'ची, म्हणजे युनिक्सच्या मूळ कमांड-इंटरप्रिटरच्या नावाची. अनेक वर्षं लिनक्सवर 'एसएच' म्हणजे प्रत्यक्षात बॅशच असायचा. 2006मध्ये उबंटूने 6.10 आवृत्तीत त्या जागी डॅश नावाचा दुसरा इंटरप्रिटर आणला. तो छोटा आणि चपळ, पण बॅशचे खास लाड त्याला ठाऊक नाहीत. वर 'एसएच' लिहून खाली बॅशचे दुहेरी चौकोनी कंस वापरणाऱ्या स्क्रिप्ट मग अडू लागल्या. दोष डॅशचा नव्हता. बॅशच्या सोयी वापरायच्या असतील तर पहिल्या ओळीत बॅश असं स्पष्ट लिहावं, एवढी शिस्त पाळायला हरकत नाही.

विंडोजचं तर तंत्रच निराळं. तिथे निर्णय एक्स्टेन्शनवर, म्हणजे फाइलच्या नावातल्या शेवटच्या टिंबापुढच्या अक्षरांवर, होतो. शेबँगकडे विंडोज स्वतः ढुंकूनही बघत नाही. पायथन 3.3पासून विंडोजवर 'पाय' नावाचा लाँचर मिळू लागला. तो मात्र ही ओळ वाचतो आणि पायथनची कोणती आवृत्ती हवी ते ओळखतो.

सगळीकडे चालावं म्हणून लोक '#!/यूएसआर/बिन/एन्व्ह पायथन3' असं लिहितात. 'एन्व्ह' हा छोटा प्रोग्रॅम 'पाथ' या, प्रोग्रॅम कुठे शोधायचे ते सांगणाऱ्या यादीतल्या फोल्डरांमधून पहिला सापडेल तो पायथन उचलतो. प्रोजेक्टपुरतं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (पायथनची वेगळी मांडणी) सुरू केलेलं असेल तर त्यातलाच. नुसतं 'पायथन' न लिहिता शेवटी 3 जोडलेलं बरं: काही जुन्या यंत्रांवर तो आकडा नसला तर पायथन 2 सुरू होतो, काही नव्यांवर त्या नावाचं काहीच नसतं. स्वतःच्या, चार जणांत वाटायच्या स्क्रिप्टला मी हीच ओळ देईन. रात्री क्रॉनमधून, म्हणजे ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या सोयीतून, आपोआप चालणाऱ्या कामाला मात्र नाही. क्रॉनची 'पाथ' यादी बहुधा तोकडी असते. दिवसा टर्मिनलवर एक पायथन, रात्री दुसराच, असा प्रकार होतो आणि लॉग चाळत बसावं लागतं. तिथे इंटरप्रिटरचा पूर्ण पत्ताच लिहावा.