जास्वंदीवरचा कापूस: लोकरी मावा की मिलीबग?

जास्वंदीच्या शेंड्यावर पांढरा कापूस दिसला की सांगलीकडे पहिला शब्द निघतो, "लोकरी मावा पडलाय." 2002 साली उसावर आलेला मावा अजून लोकांच्या लक्षात आहे, त्यामुळे नाव तेच सुचतं. पण तो ऊस, बांबू अशा गवतकुळातल्या झाडांवर जगतो. जास्वंदीवर असतो तो मिलीबग, म्हणजे पिठ्या ढेकूण. त्यातला गुलाबी प्रकार द्राक्षालाही लागतो. म्हणून कुंपणाला जास्वंद आणि पलीकडे द्राक्षबाग असेल, तर काळजी बागेची करायची, उसाची नव्हे.

लोकरी मावा पानाच्या खालच्या बाजूला, मधल्या शिरेच्या कडेने दाटीवाटीने बसतो. तो थेट पिल्लं घालतो. मिलीबग पेरात, कळीच्या देठाशी, सालीच्या फटीत दडतो आणि कापसाच्या पिशवीत अंडी घालतो. काडीने ही पिशवी ओढली तर चिकट तंतू निघतात आणि आत नारिंगी-गुलाबी अंडी दिसतात. स्पिरिटचा थेंब टाकून मेण विरघळवा: खाली साधारण 3 मिलिमीटरचा, लांबट गोल, आडव्या वळ्यांचा गुलाबी किडा दिसतो. शेंडे आखडून गुच्छ झाले असतील तर शंकाच नको. काळी बुरशी आणि मुंग्या मात्र ओळखीला कामाच्या नाहीत. दोन्ही किडी चिकटा, म्हणजे गोड चिकट द्रव सोडतात आणि त्यावरच बुरशी व मुंग्या येतात.

एक घोटाळा हमखास होतो. त्याच कापसात सेंटीमीटरभर लांब, झुलपं असलेला आणि भराभर चालणारा पांढरा किडा दिसला, तर तो बहुधा क्रिप्टोलीमस या भुंगेऱ्याची अळी. ती मिलीबग खाते. तिला चिरडू नका!

आखडलेले शेंडे छाटून प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधा, कंपोस्टात टाकू नका. मग पाण्याचा जोराचा फवारा, आणि संध्याकाळी 1 लिटर पाण्यात 5 मिली निंबोळी तेल व 1 मिली सौम्य द्रव साबण. साबण घातला नाही तर तेल वर तरंगतं आणि मेणावरून थेंब घसरतात. जास्त झाला की पानं करपतात. अंडी पिशवीत शाबूत राहतात, म्हणून 7-8 दिवसांनी दुसरी फवारणी हवीच. बुंध्याशी मुंग्यांचं वारूळ असेल तर आधी ते काढा. मुंग्या चिकट्यासाठी मिलीबगची राखण करतात आणि भुंगेऱ्यांना हुसकावतात.