केवड्याचं औषध खाणीत फुकट उगवतं तेव्हा

चुनखडीच्या रानात भुईमूग किंवा ऊस पिवळा पडला आणि पानाच्या शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या, की मराठवाड्यातला शेतकरी म्हणतो केवडा पडला. मग दुकानातून हिराकस येते, पाण्यात कालवून फवारली जाते. हिराकस म्हणजे फेरस सल्फेट. तसं पाहिलं तर काळ्या जमिनीत लोह भरपूर असतं. पण चुन्यामुळे सामू (pH, म्हणजे आम्लतेचं माप; 7 च्या खाली आम्ल, वर अल्कली) 8 च्या वर गेला की ते गंजासारखं घट्ट बसतं आणि मुळांच्या हाती लागत नाही.

गंधकयुक्त खनिज असलेल्या खाणीच्या ढिगाऱ्यावर हेच चित्र उलटं दिसतं. मे महिन्यात अशा ढिगाऱ्याच्या पायथ्याशी पांढरट-हिरवट बुरशीसारखा पापुद्रा चढतो. तीही हिराकसच, शिवाय तुरटीच्या जातीचे क्षार. उन्हाळाभर हे क्षार साठत जातात आणि मृगाच्या पहिल्या सरीत एकदम विरघळतात. त्यामुळे वर्षातलं सगळ्यांत वाईट पाणी बहुधा पहिल्या दोन-तीन पावसांत ओढ्याला जातं. ऑगस्टमध्ये नमुना घेऊन ‘पाणी ठीक आहे’ असा अहवाल देणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवलेलं बरं.

मुळाशी असतं पायराइट, म्हणजे लोह आणि गंधकाचं पितळी चकाकीचं खनिज. जमिनीखाली हवा न लागता ते कोट्यवधी वर्षं गपगार पडून असतं. खोदून, फोडून वर टाकलं की हवा आणि पाणी मिळतं आणि 1 किलो पायराइटमधून सुमारे 1.6 किलो सल्फ्युरिक आम्ल तयार होऊ शकतं. सुरुवात संथ असते. सामू साडेतीनच्या खाली घसरला की ॲसिडिथायोबॅसिलस फेरोऑक्सिडन्ससारखे जिवाणू कामाला लागतात आणि लोहाच्या ऑक्सिडीकरणाचा वेग लाखो पटींनी वाढतो. त्या आम्लात ॲल्युमिनियम, मँगेनीज, तांबं, जस्तही विरघळून बाहेर पडतं.

मराठवाड्यातल्या दगडखाणींत हा त्रास सहसा नाही. आपला काळा पाषाण बेसाल्ट. त्यात पायराइट नगण्य, उलट पोकळ्यांत कॅल्साइट, म्हणजे चुनखडीचंच खनिज, भरलेलं. इथल्या खदानींचे प्रश्न वेगळे आहेत: उभे कडे, कुंपण नसलेले खड्डे, धूळ. आम्लपाणी पाहायचं तर मेघालयातल्या जैंतिया टेकड्यांच्या जास्त गंधकाच्या कोळशाकडे जावं लागतं. आपल्याला जवळचा पट्टा म्हणजे किनवट-माहूर सोडून पैनगंगा पुढे वणी-कोरपन्याकडे जाते तिथला. हा गोंडवाना कोळसा, गंधक साधारण 1 टक्क्याच्या आतबाहेर. टक्का लहान दिसतो म्हणून निर्धास्त राहता येत नाही, कारण दगडात त्याच्या तोडीस तोड चुना आहे का, यावर सगळं ठरतं.

हा हिशेब घरखर्चाच्या वहीइतका सोपा आहे. सल्फाइडमधलं, म्हणजे पायराइटसारख्या खनिजातलं, गंधक टक्क्यांत मोजायचं आणि 31.25 ने गुणायचं. 1 टन दगडाचं आम्ल मारायला किती किलो चुनखडी लागेल ते मिळतं. समजा गंधक 0.8 टक्के, तर लागणार 25 किलो. त्याच दगडात स्वतःची चुनखडी टनाला 12 किलो निघाली, तर जमा भागिले खर्च 0.48. हा आकडा 1 च्या खाली असेल तर दगड आम्ल करणार असंच धरून चालायचं. 2 च्या वर असेल तर बहुतेक निर्धोक. मधल्यांना आणखी चाचण्या लावायच्या. त्यांतली एक झटपट होते: 2.5 ग्रॅम दळलेला दगड 250 मिली 15 टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये टाकायचा, फसफस थांबल्यावर उकळून थंड करायचा आणि सामू पाहायचा. 4.5 च्या खाली गेला तर दगड गुन्हेगार. संथ चाचणीत 1 किलो चुरा आठवड्याच्या फेऱ्यांनी कोरड्या हवेत, मग दमट हवेत ठेवून धुतात, निदान 20 आठवडे. घाई करणारे ती मध्येच थांबवतात आणि तिथेच फसतात. चुनखडी संपेपर्यंत पाणी गोडच दिसतं.

आणखी एक खोट नमुन्यातच असते. ढिगाऱ्याच्या वरून चार घमेली उचलून पाठवली तर कळतं फक्त वरचं. नमुने खोदाईच्या आधी, बोअरच्या गाभ्यातून, प्रत्येक थराचे वेगळे घ्यावे लागतात. म्हणजे कुठला थर कुठे टाकायचा, हे पहिला डंपर निघण्याआधी ठरतं.

टाकण्याची पद्धत हा तर खरा घोटाळा. उंच कडेवरून डंपर रिकामा केला की मोठे धोंडे घरंगळत तळाला जातात, बारीक माल वर राहतो. तळाशी पोकळ्याच पोकळ्या. आत पायराइट जळायला लागून उष्णता वाढली की गरम हवा वर चढते आणि तळातून ताजी हवा ओढली जाते. ढिगारा चुलीसारखा ओढ घेतो. उपाय असा की वाईट माल 2 ते 3 मीटरच्या थरांत पसरायचा, रोलर फिरवायचा आणि चारही बाजूंनी चांगल्या, चुना असलेल्या दगडात गुंडाळायचा. चुनखडी मिसळायची तर बारीक दळून आणि टाकतानाच. वरून पसरलेला चुना आतल्या आम्लापर्यंत पोचत नाही.

नंतर झाकण. पाण्याखाली बुडवणं रसायनाच्या दृष्टीने उत्तम, कारण पाण्यात ऑक्सिजन हवेच्या सुमारे दहा हजार पट हळू सरकतो. पण मराठवाड्यासारख्या हवामानात उघड्या पाण्यातून वर्षाला दीड-दोन मीटर वाफ होते आणि पाऊस पडतो त्याच्या निम्माही नाही. ज्या वर्षी पाऊस दगा देतो त्या वर्षी ढिगारा उघडा पडणार. म्हणून कोरडं झाकण, आणि इथे काळ्या मातीची गंमत कळते. चिकणमाती असल्याने ती पाणी अडवील असं वाटतं, आणि ओली असताना अडवतेही. एप्रिलमध्ये तिला हात घालता येईल एवढ्या भेगा पडतात, आणि हवा व पहिला पाऊस थेट आत जातो. काळी माती सर्वांत वर उघडी ठेवून ‘सील’ केल्याचं सांगणारा आराखडा पाहिला की हसू येतं.

तीच माती नीट वापरली तर कामाची आहे. खाली 30 सेंटीमीटर खडी, तिच्यावर 50-60 सेंटीमीटर ओलसर माती 15-20 सेंटीमीटरच्या थरांत दाबून, तिच्यावर परत खडी, आणि सर्वांत वर किमान 1 मीटर मुरूममिश्रित माती. खडीच्या थरामुळे दाबलेल्या मातीतली ओल वर ओढली जात नाही. ती ओली राहिली तरच ऑक्सिजन अडतो. वरचा मीटरभर थर झाडांच्या उपयोगी दीड-दोनशे मिलिमीटर पाणी धरतो. उरलेलं वाहून गेलं पाहिजे, म्हणून माथ्याला 2 ते 5 टक्के उतार आणि दगडी चर. लावायला मारवेल, कुसळीसारखं गवत. सुबाभूळ, कडुनिंब लावून फोटो काढले जातात, पण त्यांची मुळं दाबलेला थर फोडतात आणि आम्ल मात्र तसंच वाहत राहतं.

एवढं करूनही पाझर उरतोच. त्यावर उपाय चुन्याचा, म्हणजे केवड्याच्या जमिनीतलीच क्रिया मुद्दाम घडवून आणायची. समजा दिवसाला 500 घनमीटर पाझर आणि आम्लता लिटरला 400 मिलिग्रॅम (चुनखडीच्या मापाने). रोज 200 किलो चुनखडीइतकं काम, म्हणजे 148 किलो विझवलेला चुना. बाजारातला चुना 82 टक्के शुद्ध धरला तर 180 किलो. वर्षाला सुमारे 65 टन. फक्त सामू बघून मात्रा ठरवणाऱ्याची फजिती अशी होते: विरघळलेलं फेरस लोह सामूत दिसत नाही. पाणी 6.5 करून सोडलं की पुढे ओढ्यात ते गंजतं, पिवळा गाळ बसतो आणि सामू पुन्हा कोसळतो. म्हणून आधी हवा द्यायची, सामू साडेआठच्या आसपास न्यायचा, मँगेनीज असेल तर आणखी वर, आणि गाळ बसू द्यायचा. नाल्यात चुनखडीचे धोंडे टाकायचा स्वस्त उपाय महिन्या-दोन महिन्यांत निकामी होतो, कारण धोंड्यांवर गंजाचं कवच चढतं. गाळाचं तळं पावसाळ्याआधी उपसलं नाही तर जुलैत सगळा गाळ खाली जातो.

परळीसारख्या वीज केंद्राची राख भरायची सूचना वारंवार येते. खड्डा भरायला ती चालेल, पण आपल्या कोळशाच्या राखेत चुना फार थोडा असतो, आणि आर्सेनिक, बोरॉन झिरपू शकतात. वापरायची तर आधी दोन्ही मोजून.

पैशाचं काय? कोळसा खाणी बंद करतानाच्या खर्चासाठी 2009 च्या मार्गदर्शक तत्त्वांनी खुल्या खाणीला हेक्टरी 6 लाख आणि भूमिगत खाणीला 1 लाख रुपये धरून एस्क्रो खात्यात (त्याच कामासाठी राखून ठेवलेल्या) दरवर्षी भरायला लावले. दर पुढे बदलत गेले. तत्त्व चांगलं आहे. पण हिशेब हेक्टरांवर बसतो, आम्लावर नाही. गंधक असलेल्या आणि नसलेल्या ढिगाऱ्याला सारखाच पैसा. वरचे 65 टन चुना किती वर्षं टाकावा लागेल, हे हेक्टर सांगत नाही.

खाणीचं गेट बंद झाल्यावर पाहायचं काय, तर आधी सल्फेट, म्हणजे गंधकाच्या आम्लातून पाण्यात उतरणारा क्षार. सामू जागच्या जागी आणि सल्फेट वर्षागणिक चढतंय, याचा अर्थ आत आम्ल होतंय आणि चुनखडी ते गिळतेय. ती संपली की सामू पायऱ्या-पायऱ्यांनी उतरेल, तेव्हा उशीर झालेला असतो. आपल्याकडचं विहिरीचं पाणी मुळातच जड आणि खारट, त्यामुळे नंतर कुणीही म्हणेल की ‘हे पहिल्यापासूनच असं होतं’. आसपासच्या विहिरी-बोअरचे नमुने मे आणि ऑक्टोबरमध्ये, खोदाई सुरू व्हायच्या आधी किमान एक वर्ष घेऊन ठेवावेत. सामू, विद्युत वाहकता, सल्फेट, लोह, एवढं पुरे. आणि त्या अहवालाची एक प्रत ग्रामपंचायतीच्या दप्तरात असावी, फक्त खाणीच्या ऑफिसात नको.