एम१९११ पिस्तूल आणि कानशीचे कारागीर

जॉन ब्राउनिंग यांनी रचलेले आणि कोल्ट कंपनीने बनवलेले पिस्तूल अमेरिकी लष्कराने २९ मार्च १९११ रोजी स्वीकारले, म्हणून त्याचे नाव एम१९११ पडले. त्याआधीच्या चाचणीत एकाच पिस्तुलातून ६,००० गोळ्या झाडण्यात आल्या होत्या. चिखलात आणि धुळीत ते चालावे व एकाचा सुटा भाग दुसऱ्यात बसावा, यासाठी त्याचे भाग मुद्दामच थोडे सैल ठेवलेले असत. पुढच्या शंभर वर्षांत कारागिरांनी त्यात जे फेरफार केले, त्यांचे मूळ या सैलपणात आहे.

गोळी सुटते त्या क्षणी नळी आणि तिच्यावरची स्लाइड, म्हणजे मागेपुढे सरकणारे आवरण, एकमेकींत अडकलेल्या असतात. धक्क्याने त्या दोन्ही मिळून किंचित मागे सरकतात. मग नळीखालचा एक छोटा दुवा तिचे मागचे टोक खाली ओढतो, ती स्लाइडपासून सुटते, रिकामे काडतूस बाहेर पडते आणि स्प्रिंगच्या जोराने सर्व भाग पूर्ववत जागेवर येतात. मात्र नेम धरण्याची खाच आणि खूण स्लाइडवर असते, तर गोळी नळीतून जाते, आणि नळी प्रत्येक वेळी नेमकी त्याच जागी परतेल याची खात्री सैल पिस्तुलात नसते. १२७ मिलिमीटर लांबीच्या नळीचे तोंड एक दशांश मिलिमीटरने जरी बाजूला बसले, तरी ५० यार्डांवर, म्हणजे सुमारे ४६ मीटरवर, गोळी साडेतीन सेंटीमीटर सरकते. रणांगणावर याने काही बिघडत नसे. पण ओहायोतील कॅम्प पेरी येथील राष्ट्रीय नेमबाजी स्पर्धांत गुण जाण्यास एवढे पुरेसे होते.

त्यामुळे लष्करी शस्त्रकारागीर नळीचे तोंड धरणारी कडी आणि नळीचे अडकण-दाते एकेका पिस्तुलापुरते जुळवू लागले. कोल्टनेही १९३० च्या दशकात हाताने जुळणी केलेली नॅशनल मॅच आवृत्ती बाजारात आणली. स्लाइड आणि चौकट (मुठीसह खालचा सांगाडा) यांतला खेळ, म्हणजे सैलपणा, काढला की काम झाले, असा समज अनेकांचा असतो. पण अचूकतेत खरा वाटा नळी आणि स्लाइड यांच्या जुळणीचा आहे. लुइझियानाचे जिम क्लार्क हे असे काम करणारे कारागीर होते आणि १९५८ साली ते स्वतः राष्ट्रीय विजेते ठरले. त्यांनी नळी व स्लाइड लांबवलेली पिस्तुलेही घडवली, कारण खाच आणि खूण यांतले अंतर वाढले की नेमातली चूक डोळ्याला लवकर दिसते.

फेरफारांचा दुसरा प्रवाह कॅलिफोर्नियात सुरू झाला. १९५० च्या दशकात नेमबाज जेफ कूपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी म्यानातून पिस्तूल काढून झटपट नेम मारण्याच्या स्पर्धा भरवल्या. तिथे अचूकतेइतकेच महत्त्व वेगाला होते. कारागीर आर्मंड स्वेन्सन यांनी दोन्हींपैकी कोणत्याही हाताने फिरवता येणारा सुरक्षा-खटका घडवला; गोळ्यांची पेटी, म्हणजे मॅगझिन, पटकन आत जावी म्हणून मुठीच्या तोंडाच्या कडा उतरत्या केल्या जाऊ लागल्या. १९७६ साली मिझुरीतील कोलंबिया येथे या खेळाची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली आणि अशा कामाची मागणी वाढली.

हाताला बसण्याचा प्रश्न मात्र त्याहून जुना आहे. मागे येणारा घोडा अंगठा आणि तर्जनी यांच्यामधली कातडी चिमटत असे, म्हणून १९२० च्या दशकात लष्करानेच मुठीमागच्या सुरक्षा-खटक्याचे टोक लांबवले आणि चापही आखूड केला. एवढ्याने सर्वांचे समाधान झाले नाही. पुढे कारागिरांनी ते टोक रुंद आणि वर वळलेले केले, तेव्हा हात आणखी वर धरता येऊ लागला व पिस्तुलाची उसळीही आटोक्यात राहिली. हाच आकार आज कारखान्यातून येणाऱ्या अनेक पिस्तुलांवर मुळातच असतो.