पैठणी की हिमरू? लग्नाचा लेहंगा शिवायच्या आधी

छत्रपती संभाजीनगरच्या गुलमंडीत, म्हणजे कापडबाजारात, बस्ता बांधायला बसलेल्या घरांत हल्ली हमखास एक वाद रंगतो. आजीला पैठणी हवी असते, नवरीला लेहंगा. मग दुकानदार दोघींची समजूत काढायला गादीवर एक भरजरी तागा उलगडतो आणि म्हणतो, "ताई, ही हिमरू पैठणी घ्या, लेहंगा मस्त होतो." या नावाचं आपल्याकडे परंपरेनं चालत आलेलं कापडच नाही. पैठणी वेगळी, हिमरू वेगळं. दोन्ही याच जिल्ह्यातली, दोन्हींत रेशीम, दोन्हींवर वेलबुट्टी, त्यामुळे गल्लत होते खरी. पण एक नेसायचं वस्त्र आहे आणि दुसरं पहिल्यापासून मुख्यतः कापून शिवायचं कापड आहे. शिंप्याकडे गेल्यावर सगळं यावरच येऊन ठेपतं.

आधी पैठणीचा पदर जवळून बघू. जरीच्या बहुतेक साड्यांत जमीन रेशमाची आणि नक्षी जरीची असते. पैठणीच्या पदरात जमीनच जरीची, आणि त्यात मोर, मुनिया, कमळं रेशमाची. विणकर पदराला आला की एकच धोटा (आडवा धागा नेणारं साधन) या काठापासून त्या काठापर्यंत धावत नाही. प्रत्येक रंगाची वेगळी छोटी कांडी असते. मोराच्या मानेचा निळा धागा मानेच्या रुंदीएवढाच आत जातो, शेजारच्या जरीत अडकतो आणि तिथूनच मागे वळतो. असं ओळीमागून ओळ. म्हणून पदराच्या मागे धागे लोंबत नाहीत, नक्षी दोन्ही बाजूंनी सारखी दिसते, आणि भिंग लावलं तर तिच्या कडा बारीक पायऱ्यांसारख्या दिसतात. पदर जितका भरलेला, तितके महिने मागावर जास्त.

हिमरूची रीत निराळी. उभा ताणा सुती, आडवा नक्षीचा धागा रेशमी (आता बऱ्याचदा व्हिस्कोस). हा जादा धागा कापडाच्या पूर्ण रुंदीत जातो. जिथे फूल हवं तिथे वर येतो, नको तिथे पाठीमागे मोकळा पडून राहतो. उलटं केलं की धाग्यांचं जंजाळ दिसतं. 1327 मध्ये मुहम्मद तुघलकानं दिल्लीची राजधानी देवगिरीला, म्हणजे दौलताबादला हलवली, तेव्हा आलेल्या कारागिरांबरोबर ही कला इकडे रुजली असं सांगतात. सोन्याचांदीच्या तारांचं किनखाब अमीर-उमरावांचं. तसाच थाट पण कमी वजनात आणि कमी दामात देणारं हे हिमरू. निजामाच्या काळात त्याच्या शेरवान्या झाल्या, शाली झाल्या, रजयांचे अभ्रे झाले. मुळात ते साडीचं कापड नव्हतंच.

"मागची बाजू बघून घ्या" हा सल्ला सगळेच देतात. पण दोन्हींत तो उलटसुलट लागू होतो, हे कुणी सांगत नाही. हिमरूच्या पाठीमागचे मोकळे धागे हा त्याचा स्वभाव आहे, दोष नव्हे. तेच धागे पैठणीच्या पदरामागे दिसले, तर तो पदर जॅकार्डवर (नक्षीचे धागे आपोआप उचलणाऱ्या यंत्रणेवर) निघालाय, कांड्यांनी विणलेला नाही. दुकानात 'सेमी पैठणी' म्हणून मिळते ती बहुधा अशीच, यंत्रमागावरची. दोन-तीन हजारांत हातमागाची पैठणी येत नाही, एवढं धरून चाला. सिल्क मार्कच्या लेबलानंही हुरळून जाऊ नका. ते रेशीम खरं असल्याची हमी देतं, हातमागाची नाही. त्यासाठी हँडलूम मार्क वेगळा असतो.

आता शिंपी. पैठणीत नक्षीच्या जागा ठरलेल्या असतात: दोन काठ, एक पदर, मध्ये बुट्ट्या. साडीचा पन्हा साधारण पंचेचाळीस इंच, म्हणजे कमरेपासून घोट्यापर्यंत जवळजवळ पुरतो. त्यामुळे कापड आडवं धरून चुण्या घातल्या, तर खालचा काठ आपोआप घेराला येतो आणि वरचा नेफ्यात जातो. कात्री फारशी लागतच नाही. उद्या शिलाई उसवली तर साडी बऱ्यापैकी परत मिळते. पण नवरीला हवा असतो तो फोटोतला कळ्यांचा लेहंगा. कळी वर अरुंद, खाली रुंद आणि तळाला गोलाई. सरळ विणलेला काठ त्या गोलाईवर बसत नाही. मग तो कापून वेगळा काढतात आणि खाली लेससारखा लावतात. पदराचे तुकडे ब्लाउजच्या पाठीवर जातात. कांड्यांनी विणलेला मोर मधोमध कापला की आखूड धाग्यांची टोकं मोकळी होतात आणि उसवायला लागतात. माझं मत विचाराल तर नव्या हातमागाच्या पैठणीला कळ्यांसाठी कात्री लावू नये. घडीवर विरलेली आजीची जुनी पैठणी असेल तर गोष्ट वेगळी. तिचे काठ आणि पदर काढून नव्या रेशमावर बसवले तर ते आणखी काही वर्षं मिरवतील.

हिमरूला यातलं काहीच आड येत नाही. नक्षी ताग्यावर सगळीकडे सारखी फिरते, कळ्या हव्या तशा कापा. फक्त दोन गोष्टी सांभाळा. अस्तर हवंच, नाहीतर मागचे धागे बांगड्यांत, जोडव्यांत अडकून ओढले जातात. आणि कापडाला अंग असतं, त्यात अस्तराची भर. आपल्याकडच्या मे महिन्याच्या लग्नात हिमरूचा घेरदार लेहंगा म्हणजे नवरीला शिक्षा. तुळशीच्या लग्नानंतरची तारीख असेल तर बिनधास्त शिवा. उन्हाळ्यात नवरदेवाचं बिनबाह्यांचं जाकीट किंवा नवरीचा ब्लाउज एवढ्यावर भागवा.

भरतकामाचं थोडक्यात. तेलंगण-आंध्रकडचं मग्गम वर्क (कापड चौकटीवर ताणून आरीच्या, म्हणजे आकड्याच्या सुईनं केलेलं भरतकाम) आता जालना-बीडपर्यंत सगळ्या ब्लाउजांवर दिसतं. पैठणीच्या साध्या ब्लाउजपीसवर ते शोभतं, पण पदराच्या जरीत आरीची सुई घालू देऊ नका, जर तुटते. हिमरूवर तर नक्षी आधीच इतकी दाट असते की वरून मणी-टिकल्या चढवल्या तर दोन्ही वाया.

हातमागावरचं हिमरू विणणारे आता फार थोडे उरलेत, शहरात 'हिमरू' म्हणून विकलं जातं त्यातलं पुष्कळसं यंत्रमागाचं असतं. तेव्हा ताणा खरंच सुती आहे का, हे कडेचा एक उभा धागा ओढून जाळून बघा. सुताची राख मऊ होते आणि जळल्या कागदासारखा वास येतो, पॉलिस्टरचा वितळून टणक मणी होतो.