३० टक्के चार्ज असताना फोन बंद का पडतो?

माझ्या फोननं काही महिन्यांपूर्वी एक विचित्र खोड काढली. चार्ज ३०-३२ टक्के असायचा, सगळं नीट चाललेलं असायचं, आणि व्हिडिओ काढायला कॅमेरा उघडला की स्क्रीन काळी. चार्जरला लावला की लगेच चालू, आणि वर २८ टक्के दाखवायचा! म्हणजे चार्ज कुठं पळून गेला नव्हता, आतच होता. वॉरंटी संपायला थोडेच दिवस उरले होते म्हणून सर्व्हिस सेंटरला दिला, त्यांनी दोन दिवस ठेवून घेतला आणि परत देताना जॉबशीटवर लिहिलं, 'दोष आढळला नाही'. मी चिडलो, पण काउंटरवरचा मुलगा खोटं बोलत नव्हता. त्यानं फोन १०० टक्के चार्ज करून टेबलावर चालू ठेवला होता आणि तो चालू राहिला होता. त्यानं पाहिलं तेही खरं आणि मी पाहिलं तेही खरं. हे एकाच वेळी कसं शक्य आहे ते शोधायला बसलो आणि त्यातच अडकलो, कारण उत्तर फारच सुंदर आहे.

सगळ्यात आधी टक्क्यांचं. आपण समजतो की बॅटरीत किती चार्ज उरलाय हे फोन मोजतो, जसं टाकीतलं पाणी पट्टी बुडवून मोजता येतं. तसं काही बॅटरीत नसतं. आत एक छोटी चिप असते, ती किती करंट आत गेला आणि किती बाहेर आला याचा हिशेब ठेवते. ५००० मिलीअँपिअर-तासाची बॅटरी म्हणजे १८,००० कुलोम इतका विद्युतभार, तर त्यातले किती खर्च झाले हे ती वजा करत जाते आणि अधूनमधून व्होल्टेज बघून आपला आकडा दुरुस्त करते. म्हणजे टक्का हा अंदाज आहे, चांगला अंदाज, पण अंदाजच. आणि मुख्य म्हणजे तो फक्त 'किती उरलंय' एवढंच सांगतो, 'एका दमात किती देता येईल' हे सांगतच नाही. बॅटरी म्हातारी होते तेव्हा या दोन्ही गोष्टी बिघडतात आणि दुसरी आपल्याला स्क्रीनवर कुठंच दिसत नाही.

आता शाळेतला ओहमचा नियम आठवा. प्रत्येक बॅटरीला स्वतःचा अंतर्गत रोध असतो. करंट ओढला की त्या रोधामुळे आतल्या आतच थोडं व्होल्टेज खर्च होतं आणि बाहेर कमी मिळतं. समजा ३० टक्क्यांवर शांत पडलेल्या बॅटरीचं व्होल्टेज ३.७ आहे. नव्या बॅटरीचा रोध ०.१ ओहम धरू. कॅमेरा, स्क्रीन, प्रोसेसर, रेडिओ सगळ्यांनी मिळून क्षणभर ३ अँपिअर ओढले तर ०.३ व्होल्ट आत जिरले, बाहेर ३.४ मिळाले, फोन खूश. तीच बॅटरी जुनी झाली, रोध ०.२५ ओहम झाला, तर ०.७५ व्होल्ट आत जिरले आणि बाहेर आले २.९५. फोनला समजा किमान ३.२ लागतात. झालं, फोन बंद. बंद पडल्याबरोबर करंट थांबला, रोधात जिरणारं व्होल्टेजही थांबलं, बॅटरी पुन्हा ३.७ वर! म्हणून तर चार्जरला लावल्यावर २८ टक्के दिसतात. आणि टेबलावर नुसत्या पडलेल्या फोनला ०.३ अँपिअर पुरत असेल तर खराब बॅटरीतही जेमतेम ०.०७५ व्होल्ट जिरणार, काही कळणारच नाही. शिवाय १०० टक्के चार्ज असताना बॅटरी ४.२-४.४ व्होल्टला असते, तिथून पाऊण व्होल्ट गेला तरी भरपूर उरतो. म्हणजे त्या मुलानं बॅटरी अशा परिस्थितीत तपासली होती जिथं दोष दिसणं जवळजवळ अशक्यच होतं.

थंडीत हेच जास्त होतं, कारण गारठ्यात आयन (विद्युतभार असलेले अणू, बॅटरीत भार तेच वाहून नेतात) आळसावतात आणि रोध वाढतो. फोन ऊबदार जागेत आणला की पुन्हा ठीक.

पण रोध वाढतो कशामुळे? मला सगळ्यात आवडलेला भाग हा, त्यामुळे इथं जरा रेंगाळतो. लिथियम-आयन बॅटरीत एका बाजूला ग्राफाइट असतं, म्हणजे पेन्सिलीच्या शिशात असतं तेच, आणि दुसऱ्या बाजूला कोबाल्टसारख्या धातूंचं लिथियमयुक्त ऑक्साइड. मध्ये सेपरेटर नावाची पातळ सच्छिद्र फिल्म आणि सगळीकडे भिनलेला इलेक्ट्रोलाइट, जो एक सेंद्रिय द्रव आहे. चार्ज करताना लिथियमचे आयन ऑक्साइडमधून निघून ग्राफाइटच्या थरांमध्ये शिरतात, सहा कार्बनमागे एक लिथियम या हिशेबानं, आणि वापरताना परत जातात. १९९१ मध्ये सोनीनं लिथियम-आयन बॅटरी पहिल्यांदा बाजारात आणली आणि २०१९ मध्ये जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना यामागच्या कामासाठी रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. गुडइनफ तेव्हा ९७ वर्षांचे होते.

इथपर्यंत बऱ्याच जणांनी वाचलेलं असतं. खरी कमाल पुढे आहे. ग्राफाइटमध्ये लिथियम भरलं की त्याचा विभव, म्हणजे व्होल्टेजची पातळी, शुद्ध लिथियमच्या तुलनेत फक्त ०.१ व्होल्टच्या आसपास उतरतो, आणि इलेक्ट्रोलाइटमधलं इथिलीन कार्बोनेट तर ०.८ व्होल्टच्या खाली टिकूच शकत नाही, इलेक्ट्रॉन घेऊन फुटतं. म्हणजे नियमानं ही बॅटरी चालायलाच नको, पहिल्याच चार्जिंगला द्रव विघटित होत राहायला हवा. होतोही, पण फुटलेले तुकडे लिथियमशी संयोग पावून ग्राफाइटच्या पृष्ठभागावर घट्ट बसतात आणि त्यांचा एक थर बनतो. हा थर इलेक्ट्रॉनला अडवतो पण लिथियमच्या आयनाला जाऊ देतो. इलेक्ट्रॉन द्रवापर्यंत पोचेना, की द्रव फुटायचा थांबला. ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा थर बसून आतला धातू वाचतो ना, तसंच. इमॅन्युएल पेलेड या रसायनशास्त्रज्ञानं १९७९ मध्ये या थराला नाव दिलं, एसईआय, म्हणजे 'सॉलिड इलेक्ट्रोलाइट इंटरफेज'. मी त्याला खपली म्हणतो, कारण ती खपलीच आहे. जखम होते, रक्त वाहतं, तेच वाळून जखम बंद करतं.

ही खपली कारखान्यातच धरवतात, पहिलं चार्जिंग अगदी सावकाश, ठरावीक तापमानाला. त्यात बॅटरीतलं ५ ते १० टक्के लिथियम कायमचं खर्ची पडतं. आपल्या हातात येणारे १०० टक्के त्या खर्चानंतरचे असतात. म्हणजे 'नवीन फोन पहिल्यांदा आठ तास चार्ज करा' हा सल्ला निरर्थक आहे, ते काम तुमच्या आधीच कुणीतरी काळजीपूर्वक करून ठेवलेलं असतं.

आता अडचण अशी की ग्राफाइटमध्ये लिथियम शिरलं की ते जवळपास १० टक्के फुगतं आणि निघालं की आक्रसतं. गुडघ्यावरच्या खपलीचं काय होतं? गुडघा वाकवला की खपली तडकते, पुन्हा रक्त येतं, पुन्हा नवी खपली. इथं तेच, रोज, आणि इथलं रक्त म्हणजे लिथियम. दर तडकेला थोडं ताजं ग्राफाइट उघडं पडतं, थोडा द्रव फुटतो, थोडं लिथियम अडकून बसतं. लिथियम कमी झालं म्हणजे क्षमता घटली, आणि खपली जाड झाली म्हणजे आयनांना वाट काढणं जड झालं, म्हणजेच रोध वाढला. एकाच घटनेची ही दोन तोंडं आहेत! (रोध धन, म्हणजे ऑक्साइडच्या बाजूलाही वाढतो, ऑक्साइडच्या कणांना भेगा जातात वगैरे, पण ते इथं सोडतो.) फोन न वापरता ठेवला तरी खपली वाढतेच, फक्त जितकी जाड होईल तितकी हळू, साधारण वेळेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात, म्हणजे दुप्पट जाड व्हायला चौपट काळ. उष्णतेत ही क्रिया भराभर होते, म्हणून उन्हात तापलेल्या गाडीत ठेवलेला फोन आणि १०० टक्के चार्ज होऊन उशीखाली तापत राहिलेला फोन दोन्ही लवकर म्हातारे होतात.

आणि तरीही मला या यंत्रणेचं कौतुक जास्त वाटतं. ५०० सायकलनंतर ८० टक्के क्षमता टिकायची असेल तर हिशेब करून बघा, दर सायकलला १०,००० आयनांपैकी जेमतेम चार-पाचच हरवून चालतात. बाकी सगळे रोज जाऊन परत येतात. सायकल म्हणजे एकदा चार्जरला लावणं नव्हे, एकूण १०० टक्के वापर. आज ५० आणि उद्या ५० खर्च केले तर मिळून एक सायकल.

यामुळेच बॅटरी फ्रीजमध्ये ठेवून 'जिवंत' करणं, महिन्यातून एकदा पूर्ण उतरवणं, मागे चिकटवायची 'ऊर्जा वाढवणारी' चिप, बॅटरी दुरुस्त करणारी ॲप, यातलं काहीही त्या खपलीपर्यंत पोचत नाही. पूर्ण उतरवायचा सल्ला जुन्या निकेल-कॅडमियम बॅटरीचा आहे, ती गेली तरी सल्ला राहिला. पूर्ण उतरवून पूर्ण चार्ज केल्यानं चिपचा अंदाज सुधारू शकतो, पण बॅटरी नाही. कृपा करून अशा गोष्टींवर पैसे घालवू नका, आणि दर काही दिवसांनी येणाऱ्या 'पाच मिनिटांत चार्ज, आयुष्यभर टिकणार' अशा बातम्यांवरही भरवसा ठेवू नका. प्रयोगशाळेतला नाण्याएवढा सेल आणि तुमच्या खिशातला सेल यात बरंच अंतर असतं.

'कंपन्या अपडेट देऊन मुद्दाम फोन बिघडवतात' हे सगळ्यात जास्त ऐकायला मिळतं. याच्या मागे एक खरी गोष्ट आहे. डिसेंबर २०१७ मध्ये ॲपलनं मान्य केलं की जुनी बॅटरी असलेल्या काही आयफोनचा वेग सॉफ्टवेअरनं कमी केला जातो. कारण वर सांगितलं तेच, एकदम जास्त करंट ओढलाच नाही तर व्होल्टेज कोसळणार नाही आणि फोन बंद पडणार नाही. भौतिकशास्त्र म्हणून उपाय बरोबर होता. चूक ही की लोकांना सांगितलं नाही, त्यामुळे ज्यांना फक्त बॅटरी बदलून भागलं असतं त्यातल्या अनेकांना वाटलं फोनच संपला. कंपनीनं माफी मागितली, २०१८ मध्ये सेटिंगमध्ये बॅटरी हेल्थ दाखवायला सुरुवात केली, आणि २०२० मध्ये फ्रान्समध्ये अडीच कोटी युरोचा दंड भरला. माझं मत स्पष्ट आहे, बॅटरीची तब्येत बघणं हा वापरणाऱ्याचा हक्क आहे. युरोपीय संघानं जून २०२५ पासून फोनच्या बॅटरीनं ८०० सायकलनंतरही किमान ८० टक्के क्षमता राखली पाहिजे असा नियमच केलाय.

आता वॉरंटी. कंपनीच्या कागदात बहुतेक वेळा दोन शब्दांचा खेळ असतो, 'दोष' आणि 'झीज'. झीज वॉरंटीत येत नाही, दोष येतो, आणि काही ठिकाणी बॅटरीची मुदत फोनपेक्षा कमी असते, ते आधी वाचा. झीज म्हणजे वर्षा-दोन वर्षांत हळूहळू कमी होणं. थोड्याच सायकल झालेल्या असताना फोन ३० टक्क्यांवर बंद पडत असेल तर त्याला झीज म्हणता येत नाही, आणि हे दाखवणं आपल्याच हातात आहे. नुसतं 'बॅटरी टिकत नाही' म्हणून फोन देऊ नका. किती टक्के असताना, काय चालू असताना, किती वेळा बंद पडला हे लिहून ठेवा, शक्य असेल तर दुसऱ्या फोननं व्हिडिओ काढा ज्यात टक्के दिसतील आणि बंद पडणंही दिसेल, सेटिंगमधल्या सायकल आणि हेल्थच्या आकड्याचा स्क्रीनशॉट घ्या, आणि जॉबशीटवर तुमचे शब्द लिहायला लावा, 'चार्ज ४० टक्क्यांच्या खाली असताना लोडवर तपासावी' असे. बिल, डेटाचा बॅकअप या गोष्टी तर आल्याच. फोनच्या आत पाणी लागलं की रंग बदलणारा एक छोटा स्टिकर असतो, तो लाल दिसला तर बहुतेक जण वॉरंटी नाकारतात, त्यामुळे देण्याआधी त्यांच्यासमोरच तो बघून घ्यावा.

एक अपवाद. बॅटरी फुगली असेल, मागचं झाकण उचललं गेलं असेल किंवा स्क्रीन कडेनं सुटली असेल तर व्हिडिओ-बिडिओ काढत बसू नका. खपलीच्याच रसायनांची बेसुमार वाढ होऊन आत वायू साठलेला असतो. फोन बंद करा, चार्ज करू नका, दाबून बसवायचा प्रयत्न अजिबात करू नका, टोचू तर नकाच. आतला सेपरेटर केसापेक्षाही पातळ असतो, तो फाटला की दोन्ही बाजू भिडतात. २०१६ चा गॅलेक्सी नोट ७ आठवत असेल. सॅमसंगनं नंतर २ लाख फोन आणि ३० हजार बॅटऱ्या तपासल्या, तेव्हा दोन पुरवठादारांच्या बॅटऱ्यांमध्ये दोन वेगळे दोष निघाले, एकीत कोपऱ्यात दबून वाकलेला ऋण इलेक्ट्रोड (म्हणजे ग्राफाइटची बाजू) आणि दुसरीत वेल्डिंगचे उंचवटे. एवढ्याशा कारणानं ते फोन पेटत होते. फुगलेला फोन कुरिअरनं पाठवू नका, अशा बिघडलेल्या बॅटऱ्या विमानानं न्यायला बंदी आहे, सेंटरला आधी फोन करून सांगा आणि प्रत्यक्ष घेऊन जा.

माझ्या फोनचं पुढे काय झालं ते सांगतो. दुसऱ्या वेळी तो ३४ टक्क्यांवर आणून नेला, काउंटरवरच कॅमेरा उघडला, फ्लॅश लावला आणि व्हिडिओ सुरू केला. वीसेक सेकंदांत स्क्रीन काळी झाली. तोच मुलगा होता. त्यानं चार्जर लावला, ३१ टक्के बघितले, आणि 'हे असं कसं?' म्हणून मलाच विचारलं. मी जॉबशीटच्या मागे ओहमचा नियम काढून दाखवला. बॅटरी वॉरंटीतच बदलून मिळाली, आणि तो म्हणाला की यापुढे अशी तक्रार आली की आधी फोन ३० टक्क्यांपर्यंत उतरवून मगच तपासणार.